लाकूड आणि रान : ब्रिटनच्या राष्ट्रीय वनयोजनेचा इतिहास

राष्ट्राची योजना म्हटली कीं तिला प्रथम आंकडे लागतात. किती एकर, किती वर्षें, किती खर्च आणि किती उत्पन्न, हें ठरल्यावांचून योजना कागदावर उतरत नाहीं. रानांतील लाकूड अशा रीतीनें मोजतां येतें; परंतु रानाचें वय, त्याची माती आणि त्या मातींत पिढ्यान् पिढ्या रुजलेली जीवसृष्टि हीं या मोजमापांत सहसा सांपडत नाहींत. ब्रिटननें १९१९ सालीं वनवृद्धीची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. एकरांच्या हिशेबानें पाहिल्यास ती यशस्वी झाली. शंभर वर्षांत देशांतील वनक्षेत्र दुपटीहून अधिक वाढलें. परंतु याच काळांत, आणि पुष्कळ ठिकाणीं याच योजनेच्या हातून, त्या देशाचीं अस्सल जुनीं रानें नाहींशीं झालीं, आणि पुढें त्याच सरकारी मंडळाला तीं पूर्वपदावर आणण्याचें काम शिरावर घ्यावें लागलें. हें कसें घडलें, तें समजून घेण्यासारखें आहे. कारण झाडें लावणें आणि रान राखणें हें एकच काम आहे अशी समजूत सर्वच देशांत आढळते.

शेवटचें हिमयुग सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीं संपलें. बर्फ जसजसें मागें हटलें तसतशीं बर्च, पाइन, हेझल, ओक, एल्म, लाइम, ॲश हीं झाडें युरोपच्या मुख्य भूमीवरून उत्तरेकडे सरकत आलीं. पुढें समुद्राची पातळी चढली आणि ब्रिटन बेट झालें. माणसाच्या मदतीवांचून जीं झाडें तेथवर पोहोंचलीं, तीं त्या बेटाचीं देशी झाडें मानतात. आपल्याकडील देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांपैकीं अशा तीनच जाति तेथें आहेत : स्कॉच पाइन, यू आणि जुनिपर. बाकीचें देशी रान रुंद पानांच्या झाडांचें. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील कथा नीट उमजते.

शेतीच्या प्रसाराबरोबर हें रान मागें हटत गेलें. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या प्रसिद्ध राजकीय मोजणीवरून त्या वेळीं इंग्लंडचा सुमारे पंधरा टक्के भागच वनाखालीं उरला होता, असें पुढील अभ्यासकांनीं अनुमान काढलें आहे. या उरलेल्या रानाचा गांवकरी लोक मोठ्या काटकसरीनें उपयोग करीत. हेझल, ॲश यांसारखीं झाडें सात ते पंधरा वर्षांनीं बुंध्याशीं छाटावयाचीं, खुंटाला धुमारे फुटूं द्यावयाचे, आणि तेच धुमारे वाढल्यावर कुंपणाच्या कामट्यांसाठीं, सरपणासाठीं व कोळशासाठीं पुन्हां छाटावयाचे. मधून मधून कांहीं ओक मात्र घरांच्या तुळयांसाठीं वाढूं द्यावयाचे, असा तो क्रम होता. उसाचा खोडवा राखणाऱ्या शेतकऱ्यास ही रीत समजावून सांगावी लागणार नाहीं. छाटणीनें झाड मरत नाहीं; उलट त्याचें आयुष्य वाढतें. सफोक परगण्यांतील ब्रॅडफील्डच्या रानाची व्यवस्था अशा छाटणीनें होत असल्याची नोंद १२५२ सालापासून मिळते, आणि तेथील एका ॲशच्या खुंटाचें वय हजार वर्षांच्या आसपास असावें असें मानतात. छाटणी झाली कीं जमिनीवर ऊन पडे, रानफुलें बहरत, फुलपांखरें येत. धुमारे वाढले कीं पुन्हां सावली दाटे. ऊन आणि सावली यांचा हा फेरा शतकानुशतकें चालला, आणि त्याच्याशीं जुळवून घेतलेली वनस्पतींची व पक्ष्यांची वस्ती तेथें सुखानें नांदली.

राज्यकर्त्यांना मात्र रानांत प्रामुख्यानें जहाजें दिसत होतीं. सतराव्या शतकाच्या मध्यावर यादवी युद्धानंतर जहाजांना लागणाऱ्या ओकची टंचाई भासूं लागली, तेव्हां आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं रॉयल सोसायटी या विद्वत्सभेकडे सल्ला मागितला. त्याचें फळ म्हणजे जॉन इव्हलिन याचा १६६४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘सिल्व्हा’ हा ग्रंथ. जमीनदारांनीं आपल्या इस्टेटींवर वृक्ष लावावेत, असा त्याचा आग्रह होता. पुढें १७६५ सालीं पाण्यांत उतरलेल्या ‘व्हिक्टरी’ या एका युद्धनौकेसाठीं सुमारे सहा हजार झाडें लागलीं आणि त्यांतील बहुतेक ओकचीं होतीं, यावरून आरमाराची भूक किती होती हें लक्षांत येईल. ही भूक भागविण्यासाठीं साम्राज्याची नजर दूरवर गेली. मलबारचा साग मुंबईच्या गोदींत येऊं लागला. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी कारागिरानें तेथें बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ सालीं, आणि ‘त्रिंकोमाली’ १८१७ सालीं समुद्रांत उतरली. ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरांत अद्यापि तरंगत आहे.

एकोणिसाव्या शतकांत लोखंडी जहाजें आलीं, घरोघर दगडी कोळसा पोहोंचला आणि कॅनडा, रशिया व बाल्टिक समुद्राकांठचे देश यांचें स्वस्त लाकूड बंदरांत येऊन पडूं लागलें. ओक राखण्याचें राजकारण संपलें, आणि छाटणीच्या रानांचें गिऱ्हाईकही तुटलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटनच्या भूमीपैकीं जेमतेम पांच टक्के भूमि वनाखालीं होती. नवल असें कीं, याच काळांत हिंदुस्थानांत इंग्रजांचें वनखातें चांगलें मूळ धरून होतें. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक वनरक्षणाच्या कामावर १८४७ सालीं झाली. १८६४ सालीं डीट्रिख ब्रँडिस हे सर्व हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या मागून त्या पदावर आलेले विल्यम श्लिख यांनीं १८८५ सालीं इंग्लंडांत कूपर्स हिल येथें हिंदुस्थानांत जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीं वनविद्येचें शिक्षण सुरू केलें. १९०५ सालीं तें ऑक्सफर्डला गेलें. म्हणजे वनविद्या इंग्लंडांत शिकविली जाऊं लागली ती हिंदी जंगलांच्या निमित्तानें. तीही मुख्यतः साग, महसूल आणि रेल्वेचे स्लीपर यांच्या हिशेबानें बांधलेली होती, आणि तिचा कांच डोंगरांतील रहिवाशांना किती लागला, तो इतिहास आपल्याकडे सर्वश्रुत आहे. तथापि ब्रिटनमध्यें स्वतःची अशी राष्ट्रव्यापी वनव्यवस्था नव्हतीच.

ती आणली पहिल्या महायुद्धानें. १९१४ सालीं देशाला लागणाऱ्या लाकडापैकीं नऊ-दशांशांहून अधिक लाकूड परदेशांतून येत होतें. जर्मन पाणबुड्यांनीं समुद्रमार्ग अडवितांच कोळशाच्या खाणींत छताला द्यावयाचे टेकू कोठून आणावयाचे, हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. कारण टेकू नाहींत तर कोळसा नाहीं, आणि कोळसा नाहीं तर कारखाने नाहींत, आरमारही नाहीं. घरचींच रानें तोडावीं लागलीं. सुमारे साडेचार लाख एकरांवर कुऱ्हाड चालली. तहान लागल्यावर विहीर खणावी, तसें १९१६ सालीं सर फ्रान्सिस ॲक्लंड यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. पुन्हां असा प्रसंग आला तर देशाला तीन वर्षें स्वतःच्या लाकडावर काढतां यावीं, हा हेतु समोर ठेवून तिनें ऐंशीं वर्षांत १७ लाख ७० हजार एकर नवीन वन लावावें, अशी शिफारस केली. १९१९ च्या कायद्यानें ‘फॉरेस्ट्री कमिशन’ हें वनमंडळ स्थापन झालें, लॉर्ड लोव्हॅट त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत डेव्हन परगण्यांतील एग्सफर्ड येथें मंडळाचीं पहिलीं रोपें लागलीं.

योजनेला घाई होती आणि जमीन मिळे ती डोंगरावरची, ओली व नापीक. ओकला तेथें वाढावयास शतक लागलें असतें. अशा ठिकाणीं कामास आला तो सिटका स्प्रूस. डेव्हिड डग्लस या वनस्पतिसंग्राहकानें अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरून १८३१ सालीं हें झाड ब्रिटनमध्यें आणलें होतें. पाऊस, वारा आणि दलदलीची माती यांना तें दाद देत नाहीं, आणि चाळीस-पन्नास वर्षांत सरळ, तोडण्याजोगें खोड देतें. लाकडासाठीं त्याची निवड करणारांचें गणित चुकलेलें नव्हतें. ब्रिटनमधील सूचिपर्णी वनापैकीं सुमारे अर्धें क्षेत्र आज या एका झाडाचें आहे. परंतु डोंगरउतारांवर एका वयाच्या, एका रंगाच्या झाडांच्या काटेकोर रांगा उभ्या राहिल्या तेव्हां लोकांना तें रुचेना. सरोवरांच्या प्रदेशांत लार्चच्या लागवडीविरुद्ध कवि वर्डस्वर्थ यांनीं शतकापूर्वींच तक्रार केली होती. १९३६ सालीं त्याच प्रदेशाचा मध्यभाग लागवडींतून वगळण्याचा करार वनमंडळाला करावा लागला. ही तक्रार मुख्यतः देखाव्याची होती. रानाच्या आंत काय बिघडत आहे, याचा उलगडा अद्याप व्हावयाचा होता.

दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां तोड झाली. युद्ध चालू असतांनाच, १९४३ सालीं, वनमंडळानें पुढील पन्नास वर्षांत देशांत पन्नास लाख एकर उत्पादक वन असावें अशी योजना मांडली. त्यांपैकीं तीस लाख एकर नवें आणि वीस लाख एकर जुन्याच रानांतून सुधारून घ्यावयाचें. या ‘सुधारणे’ंतच पुढील अनर्थाचें बीज होतें. कारकुनी दृष्टीनें पाहतां छाटणीचें जुनें रान म्हणजे वांकडीतिकडीं खोडें, विक्रीला न जाणारें लाकूड, अडलेली जमीन. म्हणून पुढील तीस वर्षांत अशीं कित्येक रानें साफ करण्यांत आलीं. कोठें झाडांच्या सालीचें कडें कापून तीं वाळविलीं. कोठें तृणनाशक औषध घालून मारलीं, आणि त्यांच्या सांगाड्यांखालीं स्प्रूस, पाइन यांचीं रोपें लावलीं. शेतीसाठीं अनुदान मिळत असल्यामुळें कांहीं रानें मुळापासून उपटून तेथें गहू पेरण्यांत आला. निसर्गरक्षणाच्या सरकारी परिषदेनें १९८४ सालीं आढावा घेतला, तेव्हां सखल प्रदेशांतील जुन्या देशी रानांपैकीं तीस ते पन्नास टक्के रानें युद्धोत्तर काळांत नष्ट झालीं किंवा परकी लागवडीखालीं गेलीं, असें दिसून आलें. नकाशावर या जागा हिरव्याच होत्या. वनक्षेत्राचा वार्षिक आंकडाही वाढत होता. म्हणूनच ही हानि पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

ती ध्यानांत आणून देणारांत दोन नांवें अग्रगण्य आहेत. केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकम हे वनस्पतिशास्त्रज्ञ मठांच्या आणि जमीनदारांच्या लॅटिन हिशेबवह्या वाचीत, जुने नकाशे पाहत, आणि रानाच्या हद्दीवरील मातीचे बांध स्वतः पायांनीं हिंडून तपाशीत. जॉर्ज पीटरकेन यांनीं लिंकनशर परगण्यांतील रानांतून वनस्पतींच्या याद्या केल्या. दोघांच्या कामावरून एक गोष्ट स्पष्ट झाली : कांहीं वनस्पति जुन्या रानाबाहेर क्वचितच आढळतात. सावलींत वाढणारी ‘डॉग्ज मर्क्युरी’ ही बुटकी वनस्पति वर्षाकाठीं मीटरभरही पुढें सरकत नाहीं. तिच्याच शेजारीं वसंतांत रानॲनिमनीचीं पांढरीं फुलें आणि ब्ल्यूबेलचे निळे ताटवे फुलतात. शेजारच्या शेतांत नवें रान लावलें तर झाडें वीस वर्षांत उभीं राहतील, पण ही मंडळी ओलांडून येण्यास शतकें लागतील. रॅकम यांचे ग्रंथ १९७६ आणि १९८० सालीं निघाले, आणि ‘पुरातन रान’ हा शब्द विद्वानांच्या दालनांतून लोकांच्या तोंडीं आला. १६०० सालापासून अखंड वनाखालीं असलेली जमीन, अशी त्याची व्याख्या इंग्लंड व वेल्ससाठीं ठरली. स्कॉटलंडसाठीं १७५० हें साल घेतलें. या सालांपूर्वीं मुद्दाम रान लावण्याची चाल फारशी नव्हती, तेव्हां त्या वेळीं जें रान होतें तें बहुधा आपोआप झालेलें, असें हें अनुमान आहे.

१९८१ पासून निसर्ग-परिषदेनें अशा पुरातन रानांची परगणावार यादी करण्यास आरंभ केला. ही साधी यादी हाच राष्ट्रीय धोरणांतील खरा पालट होय. तोंवर योजनेच्या कागदांत सर्व वन एकाच रकान्यांत पडत होतें. आतां कोणतें जुनें आणि कोणतें नवें, हें नांवनिशीवार सांगतां येऊं लागलें. १९८५ सालीं वनमंडळानें रुंदपर्णी वृक्षांविषयीं नवें धोरण जाहीर केलें : जीं रुंदपर्णी रानें उरलीं आहेत तीं तशींच राखावयाचीं, त्यांच्या जागीं सूचिपर्णी लागवड करावयाची नाहीं. पासष्ट वर्षांची वाट मंडळानें उघडपणें सोडली. त्यानंतर तीन वर्षांनीं दुसरा एक मार्ग बंद झाला. श्रीमंत लोक प्राप्तीवरील कर वांचविण्यासाठीं उत्तर स्कॉटलंडच्या ‘फ्लो कंट्री’ या विस्तीर्ण दलदलींत चर खणून स्प्रूस लावीत होते. जेथें निसर्गानें झाड घातलेलेंच नाहीं, तेथें झाड लावणें हीसुद्धां नासाडीच. १९८८ च्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनीं ही सवलत रद्द केली. त्याच दलदलीला २०२४ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

स्कॉटलंडची अडचण निराळी होती. तेथील प्राचीन पाइनवनाचा अगदीं थोडका अंश शिल्लक होता. १९५९ सालीं ॲबर्डीनचे प्राध्यापक स्टीव्हन व त्यांचे सहकारी कार्लाइल यांनीं अशा पस्तीस वनांचें वर्णन प्रसिद्ध केलें. या वनांतून तीनशें वर्षांचे वृक्ष उभे होते, परंतु त्यांच्यामध्यें कोंवळीं झाडें दिसत नव्हतीं. लांडगे केव्हांच मारले गेले होते, शिकारीच्या शौकासाठीं हरणांची संख्या वाढूं दिली होती, आणि उगवलेलें प्रत्येक रोप हरणें व मेंढ्या खाऊन टाकीत होतीं. म्हातारे आहेत, पण मुलें नाहींत, अशा गांवासारखी त्या रानाची स्थिति झाली होती. ग्लेन ॲफ्रिक या खोऱ्यांत वनमंडळानें हरणांना कुंपणाबाहेर ठेवलें, आणि जुन्या वृक्षांच्याच बियांपासून नवीं पाइन उभीं राहूं लागलीं.

इंग्लंडांत ज्या जुन्या रानांवर स्प्रूस व पाइन लादले गेले, तेथेंही धीरच कामीं येतो. २००५ सालीं इंग्लंडच्या सरकारनें पुरातन रानांविषयीं स्वतंत्र धोरण जाहीर करून अशीं रानें पूर्ववत् करण्याचें बंधन स्वीकारलें. एका दिवसांत सर्व सूचिपर्णी झाडें तोडलीं, तर अचानक आलेल्या उन्हानें काटेरी झुडपें माजतात आणि सावलींत तग धरून राहिलेलीं रानफुलें गुदमरतात. म्हणून कांहीं वर्षांच्या अंतरानें थोडीं थोडीं झाडें काढतात, अंधार हळूहळू विरळ करतात. मग मातींत दबून राहिलेलें बीं रुजतें, मेलासा वाटणारा हेझलचा खुंट फुटतो. निसर्गाच्या या शक्तीचा प्रत्यय १६ ऑक्टोबर १९८७ च्या वादळानेंही दिला. दक्षिण इंग्लंडांत एका रात्रींत सुमारे दीड कोटी झाडें कोसळलीं. पुष्कळ ठिकाणीं लोकांनीं यंत्रें लावून पडलेलीं झाडें उचललीं आणि नवीं लावलीं. केंट परगण्यांतील टॉइज हिल येथें कांहीं भाग मुद्दाम तसाच ठेवला. तो न छेडलेला भाग साफसूफ केलेल्या भागापेक्षां अधिक जोमानें भरून आला.

याउलट लागवडीच्या उत्साहालाही पथ्य पाळावें लागतें, हें २०१२ सालीं दिसून आलें. ॲशच्या झाडांना मारणारा एक बुरशीजन्य रोग त्या वर्षीं ब्रिटनमध्यें आढळला, आणि युरोपांतून आणलेल्या रोपांबरोबर तो कित्येक नव्या लागवडींत शिरला असल्याचें निष्पन्न झालें. देशी झाड लावावयाचें म्हणून रोप मात्र परदेशी वाटिकेंतून आणावयाचें, हा विसंगत व्यवहार महागांत पडला. आयातीवर बंदी आली, पण रोग वाऱ्यानेंही पसरत होता. १९६० नंतरच्या साथीनें अडीच कोटींहून अधिक एल्म गमावलेल्या देशाला हा दुसरा घाव होता. तेव्हांपासून स्थानिक बियांचीं आणि देशांतच वाढविलेलीं रोपें यांवर भर देण्यांत येऊं लागला.

लोकमतही आतां बदललें आहे. २०१० च्या अखेरीस इंग्लंडांतील सरकारी वनें विकण्याची कल्पना निघाली, तेव्हां पांच लाखांवर लोकांनीं विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्यें सरकारनें माघार घेतली. ज्या मंडळाच्या रांगांना लोक एके काळीं नांवें ठेवीत, त्याच मंडळाच्या वनांसाठीं ते रस्त्यावर आले. २०१८ च्या नगररचना-नियमांत पुरातन रानाला ‘भरून न येणारी’ संपत्ति म्हटलें असून, अगदीं अपवादात्मक कारणावांचून त्याचा नाश होऊं देऊं नये असा दंडक घातला आहे.

आज सर्व ब्रिटनचा सुमारे तेरा टक्के भाग वनाखालीं आहे. पुरातन रानें मात्र सुमारे अडीच टक्क्यांवरच आहेत. इंग्लंडची साडेसोळा टक्के भूमि २०५० पर्यंत वृक्षांखालीं यावी, असें उद्दिष्ट कायद्यानें ठरविलें आहे. त्यांतील पहिला आंकडा वाढविणें सरकारच्या हातचें आहे. पैसा, रोपें आणि मजूर मिळाले कीं तो वाढतो. दुसरा आंकडा कोणत्याही अंदाजपत्रकानें वाढविता येत नाहीं. तो फक्त घटूं न देणें एवढेंच शक्य आहे. आजोबानें आंबा लावावा आणि नातवानें फळ खावें, हा हिशेबही येथें अपुरा पडतो. कारण १६०० सालाच्या त्या व्याख्येचें माप लावलें, तर आज लावलेलें रान ‘पुरातन’ म्हणविण्यास पात्र होण्यापूर्वीं चारशेंहून अधिक वर्षें लोटावीं लागतील, आणि तितका काळ त्याला एकाही घाईच्या योजनेचा हात लागून चालणार नाहीं.